लांब भिंगातली अक्का

आमच्या मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात दुकानावर पाटी होती, 'गुरुपाद फोटो स्टुडिओ', तेवढ्यावरून समजून घ्या. स्टुडिओ म्हणजे काय, पुढं एक खोली, मागं एक अंधारी खोली, आणि डोंगर, तळं, हंस काढलेला पडदा. दुष्काळात आख्ख्या लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि आमच्या पडद्यावर हंस पोहत होता. लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. मी मनात म्हणायची, बघून घ्या बाबांनो, सध्या एवढंच तळं शिल्लक आहे.

कॅमेरा हैदराबादचा. निजामाच्या नोकरीतले एक बडे साहेब वारले, पोरांनी त्यांचं सामान विकायला काढलं, त्यात हा जर्मनीचा कॅमेरा होता. एवढासा, पण हातात घेतला की विटेसारखा जड. त्याच्यासंगं पत्र्याचा डबा, आणि डब्यात साहेबांच्या जुन्या मोज्यांत गुंडाळलेली पाच-सहा भिंगं. पोरं म्हणाली, सगळा डबाच घेऊन जा. आमचे मालक म्हणाले, नको, निवडून घेतो. त्या घराच्या जिन्याखाली बसून दिवसभर एकेक भिंग लावलं, रस्त्यावरची माणसं न्याहाळली, आणि तीन उचलली. मला बघायला आले तेव्हा ह्याच माणसानं चहा संपायच्या आत हाव म्हणलं होतं. भिंगांना मात्र सगळा दिवस.

एक रुंद, एक मधलं, एक लांब. रुंद भिंगात सगळं घर मावायचं, दारातल्या चपलांसकट. मधलं भिंग आपल्या डोळ्याला दिसतं तसं दाखवायचं, लग्नाकार्याला तेच. आणि लांब भिंग नुसत्या चेहऱ्यासाठी. दुरून लावलं तरी माणूस जवळ यायचा. मी विचारलं, बाकीची का सोडून आलात, फुकटात पडली असती. तर म्हणाले, तीनाच्या वर झाली की माणूस भिंगंच बदलीत बसतो आणि समोरचं निघून जातं. पिशवीत मावतील, सायकलवर हिंदकळणार नाहीत, एवढीच ठेवायची.

पण खरं सांगू का, त्यातलं लांब भिंग बिनकामाचं निघालं. आमच्या लोकांना नुसता चेहरा चालतच नव्हता. फोटो म्हणजे डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत सगळा माणूस पाहिजे. अर्धा माणूस भिंतीवर लावणं म्हणजे अपशकुन. एका म्हाताऱ्यानं तर फोटो हातात घेऊन भांडण काढलं, माझे पाय काय वाटेत पडले का म्हणून. मालकांनी त्याला परत पडद्यापुढं उभं केलं आणि पायांसकट काढला. तेव्हापासून लांब भिंग मोज्यातच पडून राहिलं.

आता आमच्या रिवाजाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत, बसवतात. न्हाऊ घालून, नवं लुगडं-धोतर नेसवून, कपाळाला विभूती लावून भिंतीला टेकवून बसवायचं. मान पडू नये म्हणून कपाळावरून कापड घेऊन मागच्या खुंटीला बांधायचं. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग. पुढं भजन. आणि भोवती सगळं घर गोळा करून एक फोटो, कारण पुष्कळांचा जन्मात तेवढा एकच फोटो असायचा. मातीत बी बसवूनच ठेवतात. मालकांना अशी बोलावणी नेहमीची. घरात अंधार, दारातून येईल तेवढाच उजेड, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून भिंग बराच वेळ उघडं ठेवायला लागायचं. तेवढ्या वेळात जितं माणूस हलतंच, कितीबी दम धरला तरी. मालक म्हणायचे, अशा फोटोत मेलेलं माणूस सगळ्यात झकास येतं. मी म्हणायची, गिऱ्हाइकापुढं असलं बोलाल तर दुकान बंद होईल.

दुष्काळानं ते तसंच बंद होत आलं होतं. लग्नं लांबणीवर, बारसं कोणी करीना. फक्त दुष्काळी कामांचे फोटो सरकारी हापिसाला लागायचे, कुठं रस्त्याचं काम, कुठं पाझर तलाव, हजार माणसं खडी फोडताना. त्याला रुंद भिंग. म्हणून आमचं ठरलं की लांब भिंग विकायचं. नांदेडचे शेषेराव म्हणून एक फोटोवाले होते, त्यांचा त्याच्यावर कधीचा डोळा. पुढच्या बाजाराला येऊन घेऊन जातो, असा त्यांचा निरोप आला. मालक दोन दिवस ते भिंग पुसत बसले. मी म्हणलं, पोरीला सासरी धाडल्यासारखं काय करून राहिलात, बारा महिन्यांत एकदा तरी लावलं का ते?

आणि त्याच आठवड्यात अक्काची खबर आली.

शरणम्मा माझी थोरली बहीण, माझ्या आईच्या जागी. मुरुड रोडला, लातूरपासून सायकलच्या टप्प्यात तिचं गाव. नवरा लवकर गेला, पोटी काही नाही, म्हणून दिराचा मुलगा दत्तक घेतला, वीरभद्र. त्याला तिनं तोंडचा घास काढून वाढवला. आमच्या वडलांनी तिला लग्नात चोळीबांगडीची म्हणून सडकेलगतची जमीन दिली होती. ती तिच्या एकटीच्या नावावर, ती जिती असेतोवर सासरच्यांचा हक्क नाही, तिच्यामागं मात्र दत्तक पोराची. वीरभद्राला हे त्याचं लग्न झाल्यापासून खुपायचं. दोन-तीनदा मला म्हणला होता, मावशी, आईला सांगा की माझ्या नावावर करायला, मी काय परका हाय का? मी अक्काला सांगितलं नाही. मला तो मुलगा कधीच आवडला नाही, हे मी आजही तोंडावर सांगीन. गोड बोलायचा आणि बोलताना आपल्याकडं बघायचा नाही.

दुष्काळात अक्का बी खडी फोडायला जायची. जमीन होती, पण वाळून कोळसा झालेली. आदल्या दिवशी उन्हात कामावर कोसळली, लोकांनी उचलून घरी आणली. रात्रभर नुसती पडून होती. डॉक्टर बोलावला नाही. सकाळी वीरभद्रानं नाकापुढं सूत धरून बघितलं आणि आई गेली म्हणून सांगितलं. हे सगळं मला खबर आणणाऱ्यानं सांगितलं. मालकांनी मला सायकलच्या मागं बसवलं, कॅमेऱ्याची पिशवी माझ्या मांडीवर दिली. तिन्ही भिंगं त्यात होती, शेषेरावला द्यायचं ते बी. काढून ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेलो तर अक्काला बसवलेली. नवं लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात रुद्राक्षाची माळ. तोंड अर्धवट उघडं. मी पायाला हात लावला, पाय कोमट होते. पण वैशाखाचा महिना, भिंतसुद्धा कोमट होती. मी तिच्यापुढं बसून ऊर बडवून घेतला. आजही मला एकच गोष्ट सहन होत नाही, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि मला काही म्हणजे काहीच दिसलं नाही.

वीरभद्राला लई घाई होती. ऊन चढायच्या आत उरकून घेऊ म्हणत होता, खड्डा बी तिच्याच शेतात सकाळीच खणायला लावलेला. पण गावातली जाणती माणसं अडून बसली, स्वामी आल्याशिवाय माती द्यायची नाही. विरूपाक्ष स्वामी निलंग्याहून यष्टीनं येणार होते. तोवर फोटो काढून घ्या म्हणाले. वीरभद्रानं मालकांना सांगितलं, मावसा, एकच काढा, सगळे आले पाहिजेत. मालकांनी रुंद भिंग लावलं. भोवती सगळे उभे राहिले, मी अक्काच्या पायाशी. दोन फोटो काढले. माणसं पांगायला लागली. तेव्हा मालकांनी पिशवीतून मोजा काढला, लांब भिंग लावलं, स्टँड पुढं घेतला आणि नुसती अक्का घेतली, डोक्यापासून छातीपर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ती बहिणीसारखी होती, मला भाऊ नाही म्हणून लग्नात ह्यांचा कान तिनंच पिळला होता, आणि तिचा असा एकटीचा फोटो कुणाकडंच नव्हता. वीरभद्र दारातून म्हणाला, मावसा, बास झालं आता. मालकांनी भिंग झाकलं.

त्याच रोलवर दुष्काळी कामाचे फोटो होते, ते संध्याकाळपर्यंत हापिसात द्यायचे होते. सायकल मारून लातूरला जातो, रोल धुतो, येताना कापूर आणि हार घेऊन येतो, असं सांगून ते गेले. मी तिथंच बसले. दुपार झाली. भजनवाल्यांचे आवाज बसले. यष्टी वाटेत बिघडली, स्वामींचा पत्ता नाही. वीरभद्र सारखा आतबाहेर करीत होता. एकदा म्हणाला, स्वामींशिवाय माती देतात की गरिबाघरी. मला वाटलं, आईच्या दुःखानं त्याला बसवेना.

तिकडं दुकानात काय झालं ते मला मागाहून कळलं. मालकांनी रोल धुतला, खिडकीपाशी धरून ओल्या निगेटिव्हवर एकेक फोटो बघत गेले. खडी फोडणारी माणसं ठीक. अक्काच्या घरातले दोन्ही रुंद फोटो ठीक, त्यात अक्का नखाएवढी. मग शेवटचा, लांब भिंगाचा. मागची खुंटी स्वच्छ आली होती. खुंटीची गाठ, कापडाचा धागा, सगळं रेखीव. आणि छातीवरची रुद्राक्षाची माळ पुसल्यासारखी. एकेक मणी दोन-दोन झालेला.

आधी वाटलं स्टँड हलला. पण स्टँड हलला असता तर खुंटी बी पुसली असती. मग वाटलं पाण्याचा डाग. परत धुतला, परत बघितला. छाती हलली होती. मालकांनी हापिसाचे फोटो तसेच टाकले, ती ओली पट्टी दोन बोटांत धरली आणि सायकलवर बसले.

इकडं स्वामी आले आणि लगोलग अक्काला उचललं. डोलीत बसवून वाजत-गाजत शेतात नेलं. आमच्यात बायका बी जातात, मी होते. खड्ड्याच्या पोटात बाजूला माणूस बसेल एवढी जागा कोरलेली, तिच्यात अक्काला बसवली. स्वामींनी मंत्र म्हणायला सुरवात केली. लोकांच्या मुठीत विभूती. आणि तेवढ्यात सडकेवरून मालक आले, सायकल बांधावर टाकली, चप्पल कुठं राहिली पत्ता नाही. ह्या माणसाचा आवाज आख्ख्या जन्मात कधी चढला नव्हता, तेव्हा बी चढला नाही. खड्ड्याच्या काठावर येऊन म्हणाले,

"स्वामी, थांबा. अक्काच्या अंगात जीव हाय."

लोकांना वाटलं, ऊन लागलं ह्यांना. त्यांनी ती पट्टी उन्हाकडं धरून दाखवली. कोणाला काय समजणार, पट्टीत काळ्याचं पांढरं दिसतं, पांढऱ्याचं काळं. दोघातिघांनी बघून मान हलवली. कोणीतरी हसलं. मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं आणि खड्ड्याच्या काठाशी गेले, कारण हा माणूस चेष्टा करणारा नव्हता. वीरभद्र पुढं आला. मावसा, आई गेली ती गेली, चार लोकांत तमाशा नका करू, म्हणाला आणि हातातली विभूती खाली टाकायला वाकला.

म्हाताऱ्या स्वामींनी त्याचा हात धरला. म्हणाले, बघून घेऊ, आपलं काय जातंय. स्वतः खाली उतरले. तांब्यातलं तीर्थ अक्काच्या ओठांवर सोडलं. ते हनुवटीवरून खाली ओघळलं. परत सोडलं. ते बी ओघळलं. मालक डोळे मिटून उभे. तिसऱ्या वेळी अक्काच्या गळ्याची घाटी खाली गेली आणि वर आली.

बायका किंचाळत पळाल्या, पुरुष मागं सरले, वाजंत्रीवाला वाद्य टाकून बांधापलीकडं गेला. मी खड्ड्यात कशी उतरले मला आठवत नाही. दुष्काळी कामाची जीप सडकेवर उभी होती, तिच्यात घालून अक्काला दवाखान्यात नेली. रिकाम्या खड्ड्याला रिकामं बुजवायचं नसतं म्हणून कोहळा शोधला, दुष्काळात कोहळा कुठला, शेवटी एक धोंडा बसवला आणि माती लोटली.

अक्का वाचली. पुढं आमच्या घरी राहिली. ताक पाजून पाजून मी तिला उभी केली. गावोगावचे लोक दुकानात यायचे, तो फोटो दाखवा म्हणायचे. मालक लांब भिंगाचा कुणाला दाखवायचे नाहीत, म्हणून रुंदातला एक मोठा करायला घेतला. अंधाऱ्या खोलीतून मला हाक मारली. पाण्यातल्या कागदावर फोटो उमटला होता. घरातली सगळी माणसं कॅमेऱ्याकडं बघत होती, लहान लेकरं बी, मी रडत होते तरी बघत होते. एकटा वीरभद्र कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. तो अक्काच्या माळेकडं बघत होता.

मी म्हणलं, आत्ता जाते आणि त्याच्या दारात हा फोटो फाडून त्याच्या तोंडात कोंबते. मालक म्हणाले, फोटो काय सांगतो? मुलगा आईकडं बघतोय, एवढंच. कोर्टात न्या, पंचांपुढं न्या, एवढंच. मला त्यांचा संताप आला, पण खोटं बोलत नव्हते. अक्का गावी परत जायचं म्हणायला लागली होती, म्हणून शेवटी मी तिलाच विचारलं. ती तांदूळ निवडीत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं.

"मला समदं ऐकू येत व्हतं, दानम्मा. बोट हलत नव्हतं, पण ऐकू येत व्हतं. त्यानं सूत धरलं तवा ते हललं. त्यानं बघितलं. जरा वेळ बसला, मग सूत मुठीत घेतलं."

मी म्हणलं, आणि तू त्याच्याच घरी जायचं म्हणतेस? त्याच्या हातचं खाणार? अक्का म्हणाली, मी न्हाई गेले तर लोक म्हणतील पोरगं वाईट. त्याच्या पोरींची लग्नं व्हायची हायेत. मी रागानं सूप आपटलं, भांडले, रडले, देवाची शपथ घातली. अक्का पाऊस पडला तशी निघाली. पेरणी कोण बघणार, म्हणाली. मला तेव्हा तिची कीव आली नाही, चीड आली. अजून येते.

मालकांनी फक्त एक केलं. शेषेराव अखेर पावसाळ्यात भिंग न्यायला आले तेव्हा त्यांना लांब दिलं नाही, रुंद दिलं. शेषेराव म्हणाले, वेडे आहात का, लग्नात वऱ्हाड कसं मावणार, हापिसाची कामं हातची जातील. गेलीच ती. मालक म्हणाले, मधल्यावर भागवीन, चार पावलं मागं सरकीन. आणि दरवर्षी श्रावणातल्या सोमवारी सायकल काढायची, अक्काच्या गावी जायचं, तिला अंगणात बसवायचं आणि लांब भिंगानं तिचा एकटीचा फोटो काढायचा. घटकाभर लावायचे त्याला. सगळ्या घरादारासमोर, वीरभद्रासमोर. चहा घेऊन परत यायचे. गावात अक्काला कोणी पंगतीला शेजारी बसवून घेईना, लेकरं तिला बघून पळायची, मातीतून आलेली म्हणून. पण दर श्रावणात एक फोटो व्हायचा, आणि वर्षभर ती सुखरूप राहायची. आमच्या अंधाऱ्या खोलीत दोरीवर एकापुढं एक नऊ अक्का लागल्या. मला त्या दोरीचा आधार वाटायला लागला होता.

मग लातूर जिल्हा झाला.

तुम्हाला त्या दिवसांची काय गंमत सांगू. ऑगस्टाचा महिना, चौकाचौकांत कमानी, गुलाल, पताका, हापिसांच्या भिंतींना नवा चुना. कालपर्यंत बाभळी असलेल्या माळावर माणसं चुन्याच्या रेघा मारीत होती, इथं बंगले, इथं कॉलेज. मुरुड रोडची जमीन तर सोन्याच्या भावाची झाली. अक्का बाजाराला आली तेव्हा माझ्याकडं टेकली. म्हणाली, वीरभद्र दोन माणसं घेऊन येतो रोज, साखळीनं माझं शेत मोजतो, कागदावर अंगठा दे म्हणतो. मी दिला न्हाई. बापाची खूण हाय ती माझ्या. मी म्हणलं, अक्का, आता परत जाऊ नको, इथंच राहा. हात धरला तिचा. ती म्हणाली, उडीद फुलावर आलाय, येते की पुढच्या बाजारी. तिनं जाताना माझ्याकडून तपकीर मागून घेतली.

मी मालकांना म्हणलं, ह्या सोमवारी जाच. ते हाव म्हणाले. पण फोटोवाले कमी पडले म्हणून जिल्ह्याच्या सोहळ्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. साहेबांना फोटोत सगळा मांडव पाहिजे, सगळी गर्दी पाहिजे, आणि ह्यांच्याकडं रुंद भिंग कुठं होतं? गच्चीवर चढायचं, तुकड्या-तुकड्यानं काढायचं, मनासारखं झालं नाही की उद्या परत. सोमवार गेला. म्हणाले, पुढच्या सोमवारी नक्की. माझा जीव टांगणीला होता, पण मी बी म्हणलं, ठीक आहे.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मी भाजी घेत होते. मुरुड रोडची एक बाई मेथी विकायची, ती मला म्हणाली, तुम्ही मातीला दिसला न्हाईत. मी विचारलं, कुणाच्या? तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

मालक गच्चीवरून उतरले तसेच आले. गेलो आम्ही. अंगण सारवलेलं, घर एकदम शांत. सोमवारी पहाटे आई झोपेतच गेली, म्हणाला वीरभद्र, पावसाचं दिसत होतं म्हणून उजाडताच उरकून घेतलं. स्वामी? गावातलाच एक जंगम बोलावला. डॉक्टर? म्हाताऱ्या माणसाला कशाला डॉक्टर. मी विचारलं, माझ्या दारावरून रोज चार मोटारी जातात, एक निरोप देता आला नाही? मालक दारात उभे होते, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. वीरभद्रानं त्या दिवशी पहिल्यांदा बोलताना माझ्या डोळ्यांकडं बघितलं.

"मावशी, ह्या वेळी फोटो नको म्हणलं. मागच्या वेळी लई गोंधळ झाला."

मी बाहेर पडले आणि पळत शेतात गेले. उडदाच्या कडेला ओल्या मातीचा उंचवटा होता, त्याच्यावर झेंडूच्या माळा. मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. मी काय करते आहे ते मला चांगलं समजत होतं. कोपरापर्यंत हात गेले. बांधावर लोक जमले, कोणी जवळ येईना. मालक आले. आधी त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ते बी माझ्या शेजारी बसून उकरायला लागले. बराच वेळ आम्ही दोघं माती काढत होतो. मग त्यांनीच हात थांबवले, माझी मनगटं धरली.

"दानम्मा, ऊठ," म्हणाले. "काल सकाळची माती हाय ही."